दुकानातलं हळदीकुंकू

"वैनी, हात पुढं करा की!"

अत्तराची कुपी घेऊन समोर उभी असलेली मुलगी गावात नवी असावी. मला वैनी म्हणणारं त्या गावात कुणी नव्हतं. शाळेतल्या मुली बाई म्हणायच्या, त्यांच्या आयाही बाईच म्हणायच्या. बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, सकाळी अभिषेकाला येणाऱ्या बायका अक्का म्हणायच्या. वैनी व्हायला कुणाचा तरी भाऊ नवरा म्हणून असावा लागतो.

मी हात पुढे केला नाही. मला रोजचा नियम असतो. सकाळी बस्तीतून आले की त्या दिवसापुरतं मनाशी ठरवायचं, आज किती पदार्थ खायचे, कोणती वस्त्रं नेसायची, वाहनात बसायचं की नाही, फूल-अत्तर घ्यायचं की नाही. जे सकाळी धरलं नाही ते दुसऱ्या सकाळपर्यंत आपलं नाही. त्या दिवशी मी सुगंध धरला नव्हता. पण लाउडस्पीकरच्या त्या गोंगाटात हे त्या पोरीला सांगणार कसं? मी नुसते हात जोडले.

"लाजताय काय वैनी, फुकट आहे ओ!" ती म्हणाली, आणि मागच्या बायका फस्सकन हसल्या.

"अगं ए, त्या आमच्या बाई आहेत," मागून आवाज आला. "त्यांना नियम असतो. त्यांना फूलपण देऊ नकोस, विचारल्याशिवाय."

ती वैजयंता होती. वैजयंता पोवार, माझी जुनी विद्यार्थिनी. अंगावर दुकानाची निळी साडी, छातीवर नावाची पट्टी. तिने माझा दंड धरला आणि मला सरळ पहिल्या रांगेत नेऊन बसवलं. एका बाजूला दंतवैद्यांची बायको, दुसऱ्या बाजूला जमदाडे मावशी. मावशींचे यजमान एसटीत कंडक्टर होते, ते वारल्याला बरीच वर्षं झाली होती. खुर्च्यांना पांढरी आवरणं आणि मागे गुलाबी फीत बांधलेली. अशी खुर्ची मी लग्नातसुद्धा पाहिली नव्हती, बसणं तर दूरच.

श्रेयस होम सेंटरचं ते उद्घाटनाचं हळदीकुंकू. संक्रांतीचा आठवडा होता. केबल टीव्ही नुकताच गावात आला होता, आणि जे टीव्हीवर दिसायचं ते आता तालुक्याच्या गावात, गांधी चौकात, काचेआड उभं होतं. फ्रीज ओळीने मांडलेले, प्रत्येकाच्या दाराला झेंडूची माळ. कपडे धुण्याच्या मशीनवर नारळ. आणि दोन मोठ्या टीव्हींच्या मधोमध चौरंग, त्यावर हळदीकुंकवाचा करंडा आणि तिळगुळाची परात.

मला आमंत्रण आलं होतं, छापील. पाकिटावर नावामागे 'सौ.' होतं. सगळ्यांच्याच नावामागे तसं छापलं असणार. मी ते पाकीट दोनदा पाहिलं होतं आणि चूक कळवायला गेले नव्हते.

इथे मला एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या कॉलनीत दर वर्षी निकम वैनींकडे हळदीकुंकू होई. मी तिथे राहायला आल्यावर पहिल्या वर्षी त्यांनी मलाही बोलावलं. मी गेले. तेव्हा माझं वय चाळिशीला टेकलेलं, लग्न झालेलं नाही. निकम वैनी वाईट बाई नव्हत्या, पण मला दारात पाहून त्यांचा हात करंड्यावरच थांबला. सवाष्णींच्या रांगेत मला बसवता येईना. विधवांत तर मी नव्हतेच. शेवटी त्यांच्या सासूबाई आतून म्हणाल्या, "अगं, कुमारिकाच की ती. कुमारिकेला मान असतोय." मग मला परकऱ्या पोरींच्या पंगतीत पाटावर बसवलं. पोरी माझ्या मांडीएवढ्या. सगळ्यांना वाण म्हणून केसांच्या रिबिनी दिल्या, मलाही दिल्या. लाल, चमकीच्या. कुमारिकेला रिकाम्या हाती पाठवत नाहीत.

पुढच्या वर्षीपासून निकम वैनी त्यांच्या मुलीच्या हाती वाटीभर तिळगूळ पाठवू लागल्या, आणि मी त्या दिवशी पेपर तपासायला घेऊ लागले. दोघींचीही सोय झाली.

म्हणून त्या दुकानात, पांढऱ्या खुर्चीवर, जेव्हा वैजयंता करंडा घेऊन समोर आली आणि बोटाने माझ्या कपाळाला कुंकू टेकवलं, तेव्हा मला कसं वाटलं ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. तिने कुठे थांबून विचार केला नाही. डॉक्टरीणबाईंना लावलं, मग मला, मग पुढे.

पुढे जमदाडे मावशी होत्या. त्यांनी मान मागे घेतली आणि पदराने कपाळ झाकलं.

"मला नको गं बाई. मी आपली तिळगुळापुरती आले."

"असूं दे की मावशी."

"नको म्हणते ना! बघत्यात सगळ्या."

"मावशी, हे काय कुणाच्या घरचं आहे व्हय?" वैजयंता हसून म्हणाली. "दुकानाचं आहे. दुकानाला सगळ्या सारख्या."

मावशींचा पदर हळूहळू खाली आला. कुंकू टेकलं तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले होते. मग बराच वेळ त्या समोरच्या फ्रीजच्या काचेसारख्या चकचकीत दारात बघत राहिल्या. फ्रीज बघतायत असं बाकीच्यांना वाटलं असेल.

मग दुकानाचे मालक किरणशेठ माइकवर बोलले. सोडत निघाली, दंतवैद्यांच्या बायकोला इस्त्री लागली, टाळ्या झाल्या. शेवटी प्रत्येकीला वाण म्हणून एकेक कॅसरोल. मी माझा कॅसरोल खुर्चीवरच ठेवून निघाले. कारण नियमाचंच. आमच्याकडे चातुर्मासाला आलेल्या एका आर्यिका माताजींपाशी, म्हणजे साध्वींपाशी, मी वस्तूंची मर्यादा घेतली होती. घरात भांडी इतकी, लुगडी इतकी, बास. नवीन काही आलं तर जुनं काही घराबाहेर गेलं पाहिजे. आणि माझ्या त्या दोन खोल्यांत बाहेर काढण्यासारखं काही उरलं नव्हतं.

घरी येऊन मी दिवस मावळायच्या आत भाकरी खाल्ली. मग आरशात पाहिलं. कुंकू जरा मोठंच लावलं होतं, नाकाच्या शेंड्यावर कण सांडले होते. मी ते पुसलं नाही. तशीच सामायिकाला, म्हणजे संध्याकाळच्या ध्यानाला, बसले आणि मन काही केल्या एका जागी राहीना.

*

गुरुवारी बाजारपेठ बंद असते. गुरुवारी दुपारी वैजयंता कॅसरोल घेऊन घरी आली.

"विसरलासा, बाई."

"विसरले नाही, ठेवून आले."

"ते मला माहितंय." ती खाली चटईवर बसली. घरात खुर्ची एकच होती, तिच्यावर माझी पुस्तकं होती. "तरी आणलाय. नाहीतर घरी कसं यायचं? काहीतरी निमित्त पाहिजे."

वैजयंता माझ्या वर्गात होती तेव्हा सगळ्यात आधी हात वर करणारी मुलगी होती. मी सामाजिक शास्त्र शिकवायचे. दहावीनंतर तिचं मिरजेला लग्न झालं आणि तीन-चार वर्षांत ती माहेरी परत आली. नवऱ्याने दुसरा संसार मांडला, असं लोक बोलत. ती स्वतः त्यावर कधी बोलली नाही, मी कधी विचारलं नाही. मी गाळलेलं पाणी तांब्यातून दिलं, ती प्यायली.

"बाई, तुम्हाला आठवतंय का, नववीत तुम्ही साबणाची जाहिरात घेऊन आला होता?"

"कुठली गं?"

"मासिकातली, रंगीत. बाई आंघोळ करून आलेली, नवरा बघतोय, सासू हसतेय. तुम्ही साबणावर तळहात ठेवला, झाकून टाकला, आणि विचारलं, आता सांगा, काय विकतायत? कुणालाच येईना. मग मी म्हणाले, नवरा."

मला आठवलं. सगळा वर्ग कोसळून हसला होता, आणि मुख्याध्यापिका काय झालं म्हणून दारात आल्या होत्या.

"तुम्ही हसला नाहीत," वैजयंता म्हणाली. "तुम्ही म्हणालात, बरोबर आहे. वस्तू नंतर विकतात. ती घेतल्यावर आपण कोण होऊ, ते आधी विकतात. आणि आपण आत्ता कोण नाही आहोत, ते त्याच्याही आधी सांगून ठेवतात. घरी जाऊन मी आईला तेच शिकवत बसले होते. आईनं लाटणं फेकून मारलं."

दोघीही हसलो. त्या खोलीत हसण्याचा आवाज मला जरा परका वाटला.

मग ती कामाचं बोलली. किरणशेठ दुकानाचं सखी मंडळ काढणार होते. महिन्यातून एकदा बायकांनी दुकानात जमायचं. कधी हळदीकुंकू, कधी पाककृती, कधी डॉक्टरांचं भाषण. चहा, नाश्ता दुकानाचा. अध्यक्ष म्हणून त्यांना एक भारदस्त बाई हवी होती.

"मी तुमचं नाव सांगितलं."

"मी काय करणार तिथं? मला काही घेता येत नाही, तुला माहीत आहे."

"तुम्ही काहीसुद्धा घेऊ नका. तुमचा नियम मोडायला नको. तुम्ही नुसतं पहिल्या रांगेत बसायचं, सगळ्यांना दोन शब्द बोलायचं. बाई, दर महिन्याला! जमदाडे मावशी येणार, मोकाशींची सुमन येणार. सगळ्या विचारत होत्या, बाई येणार का म्हणून."

"मला विचारत होत्या?"

"मग कुणाला?"

मी उठले आणि उगाच खिडकी उघडली. समोर निकम वैनींच्या अंगणात वाळवणं घातलेली होती. महिन्यातून एकदा कुणीतरी माझी वाट पाहणार. मी आले नाही तर खुर्ची रिकामी दिसणार, आणि कुणीतरी विचारणार, बाई कुठायत? खोटं कशाला सांगू, माझ्या तोंडात 'हो' आलं होतं.

फक्त शिक्षिकेची खोड म्हणून मी विचारलं, "वैजू, परवाच्या त्या आमंत्रणांची कल्पना कुणाची? आम्हाला सगळ्यांना शोधून काढायची?"

तिचा चेहरा उजळला. शाबासकी मिळणार हे कळल्यावर वर्गात उजळायचा तसाच.

"माझी! शेठ म्हणत होते, डॉक्टरांच्या, वकिलांच्या, कारखान्यातल्या साहेबांच्या बायका बोलवू. मी म्हटलं, थोड्या बोलवा, दिसायला बऱ्या. पण त्यांना संक्रांतीला दहा घरची आमंत्रणं असतात. एक वाण इथलं, एक तिथलं, त्यांना काय त्याचं? ज्यांना एकही आमंत्रण नसतं त्यांना बोलवा. त्या विसरणार नाहीत. जन्मात दुसऱ्या दुकानाची पायरी चढणार नाहीत. शेठ बघतच राहिले. म्हणाले, पोरी, हे कुठं शिकलीस?"

"काय सांगितलंस?"

"सांगितलं, आमच्या बाईंनी शिकवलं. माणूस आत्ता कोण नाही आहे, ते आधी बघायचं."

बाहेर निकम वैनी कावळ्यांना हाकलत होत्या. मी खिडकीशीच उभी होते.

"आणि मग तू गावात बघितलंस, कुणाला आमंत्रण नसतं."

"हो."

"मीही त्यात."

वैजयंता मान खाली घालेल असं मला वाटलं होतं. तिने घातली नाही. ती खोटं बोलणारी मुलगी नव्हती.

"बाई, तुम्ही पहिल्या होता," ती म्हणाली.

मी तांब्या उचलून आत नेला, विसळला, पालथा घातला. परत आले तेव्हा ती तशीच बसली होती.

"वैजू, आमच्यात एक सांगतात. पाप हे तीन तऱ्हांनी होतं. स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवून घेणं, आणि कुणी करत असेल त्याला बरं म्हणणं. तिन्हींचा भार सारखा. मी काही विकत घेणार नाही, विकणारही नाही. पण मी पहिल्या रांगेत बसले की ते बरं म्हटल्यासारखं होतं. मला बघून जमदाडे मावशी येतील, आणि मग त्यांना नको असलेलं काहीतरी घ्यावं लागेल."

"कुणी बळजबरी करत नाही, बाई."

"बळजबरी कशाला लागते? कपाळावर कुंकू लावल्यावर माणूस नाही कसं म्हणणार?"

ती हळूच म्हणाली, "पण लावलं तरी कुणी? निकम वैनींनी? एवढ्या वर्षांत? बाई, मावशी रडल्या त्या दिवशी, बाहेर जाऊन. पैशासाठी का होईना, कुणीतरी लावलं."

तिचं बरोबरच होतं. आमच्या सगळ्या रीतीभातींनी ज्या बायकांना उंबऱ्याबाहेर ठेवलं होतं, त्यांना एका फ्रीज विकणाऱ्या माणसाने आत घेतलं होतं.

मग मी म्हटलं, "मी बोलावलं तर? माझ्या घरी. विकायचं काही नाही, घ्यायचं काही नाही. तिळगूळ, हळदीकुंकू आणि दोन गोष्टी."

वैजयंताने माझ्याकडे पाहिलं. ती काहीतरी बोलणार होती, पण बोलली नाही. उठली, पदर सारखा केला.

"बोलावून बघा, बाई."

कॅसरोल तिने परत नेला.

*

आमंत्रण द्यायला मी स्वतः गेले. घरोघरी, हातात करंडा घेऊन, रीतीप्रमाणे. रथसप्तमीच्या आधीचा रविवार, दुपारी तीन ते पाच. जमदाडे मावशींनी मला बसायला पाट दिला, चहा विचारला. मी बाहेरचं घेत नाही हे आठवून केळं दिलं. "येणार की, न येऊन कसं चालंल?" म्हणाल्या. मोकाशींची सुमन लग्न मोडून भावाकडे राहत होती. ती भावजयीकडे बघून म्हणाली, "येते, बाई." शाळेत शिपाईकाम करणाऱ्या भागीरथीला बोलावलं. पोस्टातल्या बिनलग्नाच्या फर्नांडिसबाईंनाही बोलावलं, त्या तर टाळी वाजवून म्हणाल्या, "ओ माय, मला? जरूर!" वैजयंताला निरोप ठेवला. सगळ्या जणी हो म्हणाल्या. एकीनेही सबब सांगितली नाही.

रविवारी मी नियमात मुद्दाम सुगंध धरला. बस्तीतून येताना शेवंतीची फुलं आणली. तिळाच्या वड्या आदल्या दिवशीच थापल्या होत्या. चटई आणि सतरंजी जोडून अंथरली. पुस्तकं कपाटावर ठेवली, म्हणजे एकुलती खुर्ची मावशींना देता येईल, त्यांचे गुडघे दुखायचे. वाण म्हणून प्रत्येकीला एक पेरू आणि शेवंतीचं फूल. परसातल्या पेरूला त्या वर्षी खूप फळ होतं.

अडीचलाच मी दार उघडं टाकून बसले.

तीन वाजता निकम वैनी कुंपणापाशी आल्या.

"अय्या बाई, रांगोळी! आज काय विशेष?"

"हळदीकुंकू आहे."

"तुमच्याकडं?" त्यांनी हनुवटीवर बोट ठेवलं. "कुणाच्या नावानं ओ?" मग आपणच जीभ चावली. "तसं नव्हे, आपलं विचारलं. आमच्यात नाही ना अशी पद्धत. कोण कोण येणार आहे?"

मी नावं सांगितली. वैनी एकेका नावाला मान हलवत गेल्या. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही, पण मान हलवायचा वेग हळूहळू कमी झाला.

"अस्सं," त्या म्हणाल्या. "बरं केलंत. त्यांनाही कुणीतरी पाहिजेच." आणि आत गेल्या.

साडेतीन झाले. रस्त्यावरून पोरं पतंग घेऊन पळत गेली. भागीरथीच्या घरून एक मुलगी आली आणि दारातूनच म्हणाली, "आजीला कणकण आहे." मी तिच्या हाती पेरू दिला. ती पळाली.

चारच्या सुमाराला जमदाडे मावशी येताना दिसल्या. मी उठून दारात आले. नवं लुगडं, हातात श्रेयस होम सेंटरची निळी पिशवी. त्यांनी मला पाहिलं, माझ्या दारातली रांगोळी पाहिली. मग निकम वैनींच्या ओट्याकडे पाहिलं. तिथे कॉलनीतल्या दोघी-तिघी तांदूळ निवडत बसल्या होत्या. मावशींची पावलं क्षणभर घुटमळली. त्यांनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि माझ्या दारावरून सरळ पुढे निघून गेल्या. मी हाक मारली नाही.

मी आत येऊन सतरंजीवर बसले. वड्यांच्या ताटावर माशी आली, ती हाकलली. बसल्या बसल्या णमोकार म्हणत राहिले. मंत्र जिभेवर होता आणि कान रस्त्यावर. जपात इतकी एकटी मी त्याआधी कधी नव्हते. एकटेपणाची मला सवय होती, पण तो न बोलावलेल्या माणसाचा होता. बोलावून कुणी न आलेल्या माणसाचा निराळा असतो. त्याच्यात आपण मांडलेल्या सगळ्या वस्तू आपल्याकडे बघत राहतात.

दारात पावलं वाजली तेव्हा ऊन परसात उतरलं होतं. वैजयंता दारात उभी होती. अंगावर तीच दुकानाची निळी साडी, पायात चपला, धावत आल्यासारखा श्वास. तिने आतली सतरंजी पाहिली, ताट पाहिलं, एका ओळीत ठेवलेले पेरू पाहिले.

"कुणीच नाही आलं?"

"नाही."

ती उंबऱ्याबाहेरच थांबली.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं. "त्या दिवशीच माहीत होतं. बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतक्या..." ती अडखळली. "इतकी वर्षं तुमच्या घरी कुणी येणार म्हणून तुम्ही काही ठरवताना मी पाहिलं नव्हतं. कसं मोडायचं?"

"मग आता सांग. मला खरंच कळत नाही, वैजू. तिथं आल्या. तिथं तर त्यांना काही ना काही विकणार होते, हे त्यांनाही ठाऊक होतं. इथं कुणी काही मागत नाही. मग इथं का नाही?"

ती चौकटीला टेकली. रस्त्याकडे पाठ केली, निकम वैनींच्या ओट्यावरून तोंड दिसू नये अशी.

"बाई, तिथं त्या गिऱ्हाईक म्हणून आल्या होत्या," ती म्हणाली. "एका बाजूला डॉक्टरीणबाई, एका बाजूला मावशी. बाहेरून कुणी काचेतून बघितलं तर काय दिसणार? बायका खरेदीला आल्यात. इथं तुम्ही कुणाला बोलावलंत? मावशी, सुमन, भागीरथी, फर्नांडिसबाई, मी. आम्ही ओळीनं इथं बसलो असतो, की येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिसलं असतं, आम्ही कोण ते. गिऱ्हाईक म्हणून त्यांना कुठंही जाता येतं. इथं त्या कोण म्हणून येतील?"



साबणावर तळहात ठेवून मी मुलींना विचारत आले होते, आता सांगा, काय विकतायत? त्या दुकानातल्या फ्रीजवर तळहात ठेवून बघायला मला इतके दिवस लागले. तिथे काही फ्रीज विकत नव्हते. तिथे एक आडोसा मिळत होता. माणसांत बसायचं, पण कोण म्हणून बसलात असं कुणी विचारायचं नाही. आणि मी तो आडोसा काढून घेऊन, दार सताड उघडं टाकून, त्यांना या म्हटलं होतं.

हे सगळं त्या क्षणी इतक्या नीट कळलं असं नाही. पुढे कैक वर्षं नववीच्या वर्गात तो धडा शिकवताना थोडं थोडं कळत गेलं. मुली आता माझ्यापेक्षा फार लवकर ओळखतात. तळहात नीट ठेवायच्या आधीच ओरडतात. त्या दिवशी मात्र मला फक्त एवढंच दिसत होतं, की दारात एक मुलगी उभी आहे आणि ती आत येत नाही.

"आणि तू?" मी विचारलं. "तू कोण म्हणून आलीस?"

वैजयंताने हा प्रश्न अपेक्षिला नव्हता. तिने छातीवरची नावाची पट्टी चाचपली. मला वाटलं, ती म्हणेल, दुकानातर्फे आले, शेठनी अध्यक्षपदाचं पुन्हा विचारायला पाठवलंय. किंवा म्हणेल, तुमची विद्यार्थिनी म्हणून. दोन्ही चाललं असतं. दोन्हींत खोटं नव्हतं.

"ते नाही सांगता येत, बाई," ती म्हणाली. "अर्ध्या तासाची सुट्टी काढून आले."

पलीकडे ओट्यावर कुणीतरी हसलं. आमच्याकडे बघून की दुसऱ्याच कशाला, कोण जाणे. वैजयंताने मान वळवून एकदा तिकडे पाहिलं, सावकाश, त्यांना आपण दिसू अशा बेताने. मग चपला काढल्या, उंबरा ओलांडला, आणि सतरंजीवर मधोमध मांडी घालून बसली.

मी तिच्यासमोर बसले. करंडा दोघींच्या मध्ये होता. मी त्याचं झाकण उघडलं. रीत अशी आहे की सवाष्णीने लावायचं. आधी कुणी कुणाला, ते आम्हा दोघींपैकी एकीलाही ठाऊक नव्हतं.